मागं तार नसलेलं बटन

जगातली कुठलीही गोष्ट उगीच घडते, यावर माझ्या थोरल्या साडूंचा काडीचाही विश्वास नाही. सक्करदऱ्याला त्यांच्या दारात मी जयभीम घातला की तेही जयभीम म्हणतात, आणि पाण्याचा ग्लास हातात येण्याआधीच विचारतात, "आज उशीर काहून?" ट्रॅफिक होतं म्हणून सुटका नाही. ट्रॅफिक काहून, सिग्नल बंद काहून, तू दुसऱ्या रस्त्यानं आला नाही काहून! कळमेश्वरच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर बंद पडलेल्या मशिनी चालू केल्या, त्याचा हा परिणाम. एकदा मी त्यांच्याच पायरीवरून घसरून सपशेल आपटलो, तर मला उठवायचं सोडून हे गृहस्थ माझ्या चपलेचा तळ निरखत बसले. "दोन मिनिटं तसाच पडून राय गा, मले पाहू दे," म्हणाले. मी पडून राहिलो. दुसरं करणार काय?

भाऊजी, म्हणजे हेच साडू, निवृत्त झाले, मशिनी संपल्या आणि नात आली. लेक-जावई दोघंही नोकरीला, त्यामुळे चिनू दिवसभर भाऊजी आणि ताईच्या, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीच्या ताब्यात. कशामुळे काय होतं हे माणसाच्या पिल्लाला कळतं तरी कधी, हे शोधायचं वेड भाऊजींनी तेव्हा घेतलं. चिनू तीन महिन्यांची असताना त्यांनी तिच्या पायाला मऊ दोरा बांधला आणि त्याचं दुसरं टोक पाळण्यावरच्या घुंगरांना. लाथ मारली की छुम! थोड्या वेळानं पोरगी मुद्दाम लाथा झाडू लागली. मग यांनी हळूच दोरा सोडला. चिनू लाथ मारून घुंगरांकडे टकमक पाहत राहिली, आणि भाऊजी पहिला नंबर आल्यासारखे स्वयंपाकघरात धावले. पोरीला मशीन समजून राहिले काय, म्हणून ताईनं पोळी लाटता लाटताच त्यांना झापलं. पुढे चिनू चमचा खाली टाकायची आणि हे वीस-वीस वेळा उचलून द्यायचे. एका उन्हाळ्यात लाइट गेली, कूलर थांबला, चिनूनं टाळी वाजवली आणि नेमकी त्याच क्षणी लाइट आली. झालं! तेव्हापासून लाइट गेली की ती मोठ्या भक्तिभावानं टाळ्या पिटायची. मी समजवायला गेलो, तर भाऊजींनी मलाच गप्प केलं. तिचं तिला कळू द्यायचं होतं त्यांना.

गेल्या मे महिन्यात ताई गेली. सकाळी छातीत दुखतं म्हणाली, संध्याकाळी दवाखान्यात नेलं, आणि ती परत आलीच नाही. चिनू तेव्हा चार वर्षांची. ती रडली नाही, पण घरातून कोणी निघालं की दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरू लागली. मांजर दुधात तोंड घालायची, तरी ही तिला हाकलायची नाही. आई ऑफिसला निघाली की दारात आडवी पडायची. जेवण सुटलं, पोरगी वाळत चालली. आजीची आठवण येते, असं सगळे म्हणाले. भाऊजींनी मान डोलावली नाही. आठ दिवस ते नुसते पाहत राहिले, आणि मग एका दुपारी माझ्यासमोरच त्यांनी तिला मांडीवर घेऊन विचारलं, "कोणाले 'जाय' म्हटलं तर काय होते वं?"

चिनू फार हळू बोलली. "मी आजीले म्हटलं होतं. तिनं बर्फी देल्ली नाही म्हणून. मंग आजी गेली."

टाळीनं लाइट येते असं मानणाऱ्या पोरीला हे पटायला कितीसा वेळ लागणार! आणि टाळीची गंमत चालू ठेवणारे आपणच, हे भाऊजींच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. ते उठले, एका लाकडी फळीवर त्यांनी दोन बटनं बसवली. एक दाबलं की घंटी वाजायची. दुसरं चिनूनं दहा वेळा दाबलं, काही झालं नाही. मग त्यांनी फळी उलटी केली. एका बटनाला तारा होत्या, दुसऱ्याच्या मागं काहीच नव्हतं. "तुह्यं 'जाय' या दुसऱ्यासारखं हाय," ते म्हणाले, "मागं तारच नाही." चिनूनं त्या रिकाम्या जागेत बोट फिरवून पाहिलं. पंधरा दिवस ती फळी उराशी घेऊन हिंडली. शेवटी एकदा मांजरीला म्हणाली, "जाय." मांजर गेली, आणि थोड्या वेळानं परत आली. भाऊजींनी त्या मांजरीला वाटीभर दूध पाजलं.

परवा रविवारी मी गेलो, तेव्हा ते कूलरचा पंप साफ करत होते, चिनू बाजूला खेळत होती. मान वर न करता ते बोलायला लागले. त्या सकाळी ताईचं दुखणं त्यांनी गॅसवर ढकललं होतं, ओवा खा म्हणाले होते आणि कुणाचा तरी कूलर दुरुस्त करायला निघून गेले होते. "मी थांबलो असतो तर?" त्यांनी विचारलं. त्यांच्या 'काहून'ला मी आजवर काहीबाही ठोकून द्यायचो, पण या वेळी मी खाली बसून पंपाची जाळी पुसायला घेतली.

चिनू उठली. आतून फळी आणली आणि त्यांच्या मांडीवर पालथी ठेवली.

"आबा, तुमच्या बटनाच्या मागं तार हाय का?"

नाही म्हणा हो, असं मला ओरडावंसं वाटलं. पण या बाबतीत ते खोटं बोलत नाहीत, पोरीशी तर नाहीच. "मले माहीत नाही, बेटा," फळी सुलटी करून बटनावर बोट ठेवत ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

चिनूनं जरा विचार केला. मग त्यांचं ओलं बोट धरून फळीवरून बाजूला केलं.

"मंग दाबू नका ना, आबा."

मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली आणि खणखणीत आवाजात मला म्हणाली, "जाय आता." एवढ्या लवकर काहून, असं मात्र त्या दिवशी भाऊजींनी विचारलं नाही.