पायरीखालच्या चपला

"ए, थांब. पाय बघ आधी," कारकून ओरडला.

जोयड्याच्या तालुका कचेरीच्या दारात बाबा एक पाय आत टाकून तसाच थांबला. पावसाचे दिवस. आमच्या वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत नुसता चिखल. तरी नळावर पाय धुतले होते, चपला पायरीखाली काढल्या होत्या. आमच्याकडची सगळीच माणसं तिथे चपला काढतात, देवळात शिरावं तशी. कुणी सांगितलं, कुणाला ठाऊक.

बाबाने पाय मागे घेतला. बाहेरूनच सांगू लागला, ओढ्यावरचा साकव वाहून गेलाय, पोरांची शाळा बंद पडलीय. कारकून मोबाइल बघत होता. तेवढ्यात रामनगरचा एक ठेकेदार आम्हाला बाजूला सारून बुटांसकट आत गेला. फरशीभर चिखलाचे ठसे. त्याला खुर्ची मिळाली, चहा आला. बाबा हात जोडून बाहेर. मागे मी, त्याची पदवी घेतलेली मुलगी. अनवाणी.

त्याच आठवड्यात भावाच्या बाळाला लस द्यायला सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई वाडीवर आल्या. दोरी धरून, लसींचा डबा गळ्यात अडकवून, भरलेला ओढा ओलांडून. आमच्या दारात त्यांनी सँडल काढल्या.

"ऱ्हाऊं द्या बाई, पाय भरतील," बाबा म्हणाला.

"घर आहे तुमचं," त्या म्हणाल्या.

त्याही सरकारच. त्यांनी मानाने काढल्या. आम्ही कचेरीत भीतीने काढतो. त्यांच्या त्या ओल्या सँडलांकडे बघताना मला हे कळलं, आणि मग गप्प बसवेना.

पुढच्या सोमवारी साकवाचा अर्ज घेऊन कचेरीत गेलो, तर बाबा सवयीने पायरीपाशी वाकला. मी त्याचा दंड धरला.

"बाबा, काढू नगंस."

"अगं, खवळतील ते. साकव ऱ्हाईल."

"आत्ता तरी कुठं हाय?"

चपला पायपुसण्याला घासून आम्ही आत गेलो. कारकुनाने टेबलावर हात आपटला. चपला बाहेर, म्हणाला.

"तुमचे बूट निघाले की आमच्या निघतील," मी म्हणाले.

मी खुर्ची ओढली, त्याला बसवलं. अर्जावर शिक्का पडेपर्यंत उठू दिलं नाही.

साकव अजून झालेला नाही. तुझ्या तोंडामुळे अडला, असं वाडीतले काहीजण म्हणतात. म्हणू देत. जोवर नर्सबाईंना दोरी धरून ओढा ओलांडावा लागतो, तोवर मी त्या कचेरीत जात राहणार. चपला घालून.