गोधडीची राहिलेली कड

चहा गाळण्याआधी वचन ऐकायचं. भाकरी उलटताना ते पुटपुटायचं. लसूण सोलताना पाकळीमागे एकेक शब्द सुटा करायचा. भाजीत मीठ टाकताना क्षणभर थांबायचं, कारण मीठही बायबलात आहे. "काय चघळताय?" असं कुणी विचारलं, तर म्हणायचं, "वचन. सुपारी सोडली ना."

सरावलीच्या चाळीतल्या मैनाबाईच्या या सवयी शेजारच्या प्रतीक्षाला पाठ होत्या. मावशीच्या डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणून कारखान्यात पॅकिंगला जाण्याआधी प्रतीक्षाच रोज वचन वाचून दाखवी. एम.ए.ला तिनं पुस्तकंच्या पुस्तकं संपवली होती. मावशीला एक ओळ दिवसभर पुरे.

त्या आठवड्यात मावशी बोटांच्या अंदाजानं गोधडी शिवत होती. रविवारी चर्चमध्ये कापणीचा सण. गोधडी वेदीपुढे ठेवायची होती. बुधवारी वचन आलं. दान घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाचं मन आपल्यामुळे दुखावलंय हे आठवलं, तर दान तिथंच ठेव. आधी जाऊन समेट कर.

मावशीचा हात थांबला. तिचा भाऊ झुंबर जवळच, सालवडला राहायचा. आईच्या आजारपणात मावशी गावी गेली नाही, म्हणून आईच्या मातीच्या दिवशी त्यानं तिला चारचौघांत सुनावलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद.

"वाकडं बोलला तो. मग जायचं मी का?"

"पुढचं वाचू, मावशी?"

"नगं. हेच वाच."

गुरुवारी तेच वाचलं. शुक्रवारी भाकरी करपली.

"हे परीक्षेला आलंय का, मावशी?"

"आलंय ना. आन् मी कोरा पेपर घिऊन बसलेय."

शनिवारी संध्याकाळी प्रतीक्षा कामावरून आली, तर मावशीचं दार नुसतं लोटलेलं. आत गोधडी पसरलेली. एक कड शिवायची राहिलेली, सुई तशीच टोचलेली. प्रतीक्षा उंबऱ्यातच उभी राहिली. हातातलं काम अर्धं टाकून मावशी कधी उठली नव्हती.

समोरची जमना ओट्यावर बोंबील साफ करत होती.

"भावाकडं गेली ती. मी बोलली, उद्या द्यायची हाय ना, कड तरी मारून जा. तर म्हणते, तसं लिवलेलं नाय."

तेवढ्यात फोन वाजला.

"आज हितंच ऱ्हाते गं."

फोनमध्ये मावशीच्या मागून पुरुषाचा आवाज आला, "चहात साखर अजून मूठभर टाकते ही."

मावशी हसत होती.

"कड मी मारू का, मावशी? उद्या सण आहे."

"हात लावू नगंस. हाय तशी ऱ्हाऊ दे."

प्रतीक्षानं दार ओढून घेतलं. आत सुईतून हातभर निळा दोरा लोंबत होता.