टाकीच्या सावलीतली शीटं

पारोळ्याचे नूर महंमद चाचा म्हणजे गच्चीचा माणूस. तीस वर्षं गच्चीवर सिमेंटचा कोबा घालण्यात गेली, आणि घरात ऊन भिंतीतून नाही, डोक्यावरून उतरतं, हे ते भेटेल त्याला सुनावत आले. मोठ्या इमारतींच्या छतावर उष्णता अडवणारी शीटं सक्तीची झाली, तेव्हा चाचा आयुष्यात पहिल्यांदा सरकारवर खूश झाले. त्यातून नरडाण्याला आम्ही बांधत होतो त्या इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांच्या लेकीचाच, तबस्सुमचा, फ्लॅट. मागच्या मेमध्ये भाड्याच्या पत्र्याखाली तिच्या लहानग्याला ऊन लागलं होतं, म्हणून तर हे घर.

बिल्डर ललितशेटने दहा शीटं कमी आणली. चाचांनी डोकं चालवलं. पाण्याच्या टाकीखाली दिवसभर सावलीच, ती जागा सोडून बाकी गच्ची झाकली आणि वर कोबा घातला. मी सुपरवायझर, मलाही ते पटलं. दोघेही मूर्ख.

तपासणीचे साहेब भर दुपारी आले. मे महिन्यात खानदेशातल्या गच्चीवर कोणता साहेब उन्हात उभा राहिलाय? ते थेट टाकीखाली गेले आणि पायाशी बोट दाखवलं, "इथे फोडा." फोडलं. शीट कुठलं असणार?

"साहेब, मधे फोडून बघा, सगळीकडे आहे," चाचा विनवत होते.

"इथे नाही, म्हणजे कुठेच नसेल. उद्या सकाळी पुन्हा बघतो, नाहीतर नापास."

ललितशेट उलट चाचांवरच उखडले. "साहेब कोठे उभा ऱ्हास, तुमले माहीत नई का?"

"सावलीमा शीट कसाले लावू, शेट?"

शेटने हुकूम सोडला. नवीन माल यायला आठ दिवस लागणार. एका कोपऱ्यातला कोबा अजून ओला होता, तिथली दहा शीटं काढून टाकीखाली टाकायची. त्या कोपऱ्याखाली तबस्सुमची झोपायची खोली. चाचांनी तो स्वतः उकरला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

सकाळी साहेब त्याच सावलीत उभे राहिले, तिथेच फोडलं आणि सही ठोकली. पास झाल्यावर दहा शीटं कोण मागवतो? मी दोनदा आठवण करून दिली, शेटने फोन कापला.

पुढच्या आठवड्यात तबस्सुम राहायला आली. बाकीचं घर सुसह्य, तेवढी एक खोली भट्टी. "अब्बा, इसी कमरे में इतनी गर्मी क्यों?" तिने विचारलं.

चाचांनी नातवाची गादी उचलून बाहेरच्या खोलीत नेली. "मिस्त्री कच्चा था," म्हणाले.