मंगळवारचा माइक

माझ्या धाकट्या दिरांइतका रडक्या चेहऱ्याचा माणूस ठाणे जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि तसा चेहरा घेऊन लोकांना हसवायला निघालेला तर अख्ख्या महाराष्ट्रात झाला नसेल. भुवया मधोमध वर चढलेल्या, ओठांची टोकं खाली ओढलेली, आणि डोळे नुकतेच कुणाला तरी पोचवून आल्यासारखे. बारशाला गेले तर बाळाची आत्या त्यांना पाळण्यापासून लांबची खुर्ची द्यायची. मित्राच्या लग्नासाठी रजा मागायला गेले, तेव्हा सुपरवायझरने अर्ज न वाचताच पाठीवर हात ठेवून "कधी गेले?" असं विचारलं आणि मागितल्यापेक्षा जास्त रजा दिली. घरात कुठलीही वस्तू वाया जाऊ द्यायची नाही हा माझा स्वभाव, त्यामुळे या चेहऱ्याचाही मी उपयोग करून घेतला. नात्यातल्या, शेजारपाजारच्या सगळ्या दुखवट्याच्या भेटी मी त्यांच्याकडे लावून दिल्या. व्यवस्था चांगली चालली होती. मग एकदा कळव्याच्या एका काकूंकडे ते भेटून आले आणि दुसऱ्या दिवशी तक्रार आली की नवरा जाऊन आठवडा झाला नाही आणि काकू तोंडात पदर कोंबून हसत होत्या. मी जाब विचारला. भावजी म्हणाले, "काही नाही वहिनी. त्या म्हणाल्या, जाताना एक शब्द बोलले नाहीत. मी म्हटलं, इतक्या वर्षांत तुम्ही बोलू दिलं असतं तर सवय राहिली असती."

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. शहाडच्या पुढे एका कारखान्यात ते कामाला होते आणि त्या कारखान्याला टाळं लागलं होतं. सकाळी डबा घेऊन निघायचे, गेटवर घोषणा देऊन यायचे, आणि मग स्वयंपाकघरात माझ्यासमोर पाटावर बसून विनोद तपासून घ्यायचे. मला विनोदातलं काही कळत नाही, पण कामाला किती वेळ लागावा हे कळतं. मी लसूण सोलत बसायचे आणि हसू यायच्या आत किती पाकळ्या सोलून होतात ते बघायचे. दोन पाकळ्यांत हसू आलं तर विनोद ठेवायचा. अख्खा गड्डा संपला तर भावजी स्वतःच उठून जायचे. "यातली मावशी काढा," मी सांगायचे, "ती काहीच करत नाही, नुसती बसलीय." ते लगेच मावशी काढायचे. त्या काळात आमच्या घरी आमटीला लसूण जरा जास्तच असायचा.

हे विनोद चालायचे कुठे, तर शहाडच्या पुलाजवळच्या एका बारमध्ये. तिथे रोज रात्री ऑर्केस्ट्रा असे. मंगळवारी मात्र निम्मं गिऱ्हाईक दारू-मटणाला हात लावत नाही, म्हणून मालक अण्णा ऑर्केस्ट्राला सुट्टी द्यायचे आणि माइक मोकळा सोडायचे. ज्याला वाटेल त्याने उठावं आणि गावं, नकला कराव्यात, भाषण ठोकावं. नियम एकच. माणूस कंटाळवाणा झाला की गिऱ्हाइकांनी चमच्याने ग्लास वाजवायचे, आणि तीन-चार टेबलांवरून आवाज आला की उतरायचं. भावजींनी यावर उपाय काढला होता. ते लवकर जाऊन वेटरला मदत करायच्या निमित्ताने पुढच्या टेबलांवरचे चमचे उचलून ठेवायचे. लोक बिचारे चना-मसाला हातानेच खायचे. स्वतः भावजी दारूच्या थेंबाला शिवत नसत. ते हातात लेमनचा ग्लास घेऊन त्या रडक्या तोंडाने सांगायचे, "आमच्या चाळीत पाणी येतं तेव्हा लाइट जाते आणि लाइट येते तेव्हा पाणी जातं. दोघांचं लग्न झालेलं असणार." हसायचे मात्र नाहीत. समोरचा जितका जोरात हसेल तितका त्यांचा चेहरा पडायचा, आणि लोकांना वाटायचं, याला जरा जास्त झालीय.

पण त्यांचा सगळ्यात मोठा विनोद त्यांनी तिथे कधीच केला नव्हता. तो म्हणजे माझ्या यजमानांची नक्कल. यजमान कचेरीत हेडक्लार्क. कुठल्याही गोष्टीची खात्री करून घेतल्याशिवाय पुढचं पाऊल टाकत नसत. चष्मा नाकावर उतरवायचा, डाव्या तळव्यावर उजवं बोट टेकवायचं आणि विचारायचं, "म्हणजे पक्कं समजायचं का?" भाजीवाल्याला, डॉक्टरला, गॅस आणून देणाऱ्याला, सगळ्यांना हेच. भावजी ते इतकं हुबेहूब करायचे की मी हातातली सुरी खाली ठेवायचे. भिवंडीची गाडी लागलीय, बोर्ड लावलाय. "ही भिवंडीला जाते का?" कंडक्टर म्हणतो, "बोर्ड वाचा." "वाचला. पण जाते का?" "जाते." "म्हणजे पक्कं समजायचं का?" तेव्हा म्हणे ड्रायव्हर स्वतः खाली उतरून बोर्ड वाचून आला. आमच्या लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर यजमानांनी भटजींना, "हीच ना? पक्कं समजायचं का?" असं विचारलं, हेही भावजी सांगायचे. ते मात्र खोटं आहे. मनात विचारलं असेल. एक पाकळी सोलून व्हायच्या आत हसू यायचं, पण ही नक्कल उंबऱ्याबाहेर जाणार नाही असं भावजींनी आपण होऊन सांगितलं होतं. वडील गेल्यावर दादानेच त्यांना शिकवलं, कारखान्यात चिकटवलं. दादा घरात आला की त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा.

एका मंगळवारी कल्याणच्या एका ऑर्केस्ट्राचा मॅनेजर भावजींना ऐकायला येणार होता. गाण्यांच्या मधे हसवायला त्याला माणूस हवा होता, महिन्याच्या पगारावर. कारखाना उघडण्याचं चिन्ह नव्हतं आणि बंद कारखान्यातल्या माणसाला मुलगी द्यायला कुणी तयार नव्हतं, म्हणजे सगळी भिस्त या एका संध्याकाळवर. यजमानांना कळलं तेव्हा मला वाटलं, आता घरात रणकंदन. पण ते एवढंच म्हणाले, "नोकरीची बोलणी करायला बापाने जायचं असतं. बाप नाही, तर मला जायला हवं." बारमध्ये एकट्याने शिरायचा त्यांना संकोच, म्हणून मला बरोबर घेतलं, म्हणजे फॅमिली सेक्शनमध्ये बसता येईल. भावजी बिचकतील म्हणून त्यांना सांगितलं नाही. प्लायवूडच्या पार्टिशनमागे, प्लास्टिकच्या वेलींखाली आम्ही दोघं लिंबू सोडा घेऊन बसलो. काय काय विचारायचं याची यजमान पुटपुटत उजळणी करत होते. पगार दर महिन्याला का. दौऱ्यावर जेवण कुणाचं. प्रॉव्हिडंट फंड आहे का.

त्या दिवशी मंगळवार असूनही हॉल भरलेला. मॅनेजर येणार म्हणून अण्णांनी टेबलं नीट मांडली होती, आणि प्रत्येक टेबलावर चमचे होते. लाइट आणि पाण्याच्या लग्नाला कुणी हसलं नाही. कारखान्याच्या टाळ्यावरचा विनोद सुरू झाला आणि पहिला ग्लास वाजला. मग दुसरा. पार्टिशनमागून आम्हाला फक्त स्पीकरमधला आवाज येत होता, आणि त्या आवाजाला मध्येच दम लागला. मग माझ्या यजमानांचा आवाज स्पीकरमधून आला, "ही भिवंडीला जाते का?"

मी यजमानांकडे पाहिलं. ते सोड्याच्या ग्लासाखालचा कागद चौकोनी दुमडत होते. बाहेर ड्रायव्हर बोर्ड वाचायला उतरला आणि लोक टेबलं बडवायला लागले. भटजी आले, अंतरपाट आला, भाजीवाला आला. यजमानांनी दुमडलेला कागद उलगडला आणि पुन्हा दुमडला. टाळ्या थांबल्यावर ते उठले. मी म्हटलं, घरी जाऊ या. ते म्हणाले, "कामाला आलोय ना आपण."

पार्टिशनच्या बाहेर येऊन ते थेट मॅनेजरच्या टेबलाशी गेले. भावजी अजून माइकपाशीच होते, त्यांनी दादाला पाहिलं आणि तो चेहरा, ज्याला आणखी पडायला जागा नव्हती, तोही पडला. यजमानांनी ओळख सांगितली. पगाराचं विचारलं. मॅनेजर म्हणाला, देऊ ना, त्यात काय. यजमानांचा चष्मा नाकावर आलेला होताच. बोट तळव्यावर गेलं. या माणसाकडे दुसरे शब्दच नव्हते हो. धाकट्या भावाचं भलं व्हावं म्हणून त्यांनी विचारलं, "म्हणजे पक्कं समजायचं का?"

सगळा हॉल उभा राहिला. शिट्ट्या काय, टाळ्या काय. एकजण खुर्चीवरून खाली घसरला. मॅनेजरने डोळे पुसत अण्णांना हाक मारली. "अरे, जोडी भारी आहे. दोघांनाही घेतो."

यजमानांनी अबोला वगैरे धरला नाही, त्यांचा तो स्वभाव नव्हता. त्यांनी फक्त ते वाक्य सोडून दिलं. भाजीवाला देईल तो फ्लॉवर घ्यायचे आणि घरी आल्यावर तो आतून काळा निघायचा. एकदा खोपटच्या एसटी डेपोत चुकीच्या गाडीत बसून पार वाडा गावाला पोचले. भावजींना ऑर्केस्ट्राची नोकरी लागली खरी, पण मॅनेजरला प्रत्येक कार्यक्रमात तीच नक्कल हवी होती आणि भावजींनी ती पुन्हा केली नाही. महिना भरायच्या आत त्याने दुसरा माणूस घेतला. मंगळवारचा माइकही त्यांनी सोडला. मी लसूण सोलायला बसले की ते बाहेर जाऊन उभे राहायचे.

पुढे त्यांना नाशिकला एका कारखान्यात काम मिळालं. पोचवायला आम्ही दोघं खोपटच्या डेपोत गेलो होतो. यजमानांनी सामान वर चढवून दिलं आणि खाली उभे राहिले. भावजींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. चष्मा नव्हता, बोट नव्हतं, नक्कल नव्हती, स्वतःच्याच आवाजात त्यांनी विचारलं, "दादा, ही नाशिकला जाते ना? पक्कं समजायचं का?"

यजमान म्हणाले, "बोर्ड वाच." आणि तोंड फिरवलं. तेवढ्यात गाडी सुटली.

यजमान जाऊनही आता काही वर्षं झाली. भावजी दिवाळीला येतात, पाटावर बसतात, केस पांढरे झाल्यापासून त्यांचा चेहरा वयाला शोभायला लागलाय. दर वर्षी माझं फराळाचं आवरेपर्यंत थांबतात आणि मग विचारतात, "वहिनी, त्या दिवशी डेपोत दादाने तोंड फिरवलं, तेव्हा तो हसला होता का? तुम्ही शेजारी होतात."

मी यजमानांच्या डाव्या हाताला उभी होते आणि त्यांनी तोंड उजवीकडे फिरवलं होतं. न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणून सांगायची मला सवय नाही.

"हसले होते," मी सांगते.

"पक्कं?"

"पक्कं समजा," मी म्हणते, आणि लसणाचा गड्डा पुढे ओढते.