अपेक्षित गुण

देशमाने सर चाचणीचे पेपर वाटायचे आणि लगेच म्हणायचे, "पेन खाली." आधी सगळे प्रश्न शांतपणे वाचायचे. मग उत्तरपत्रिकेच्या उजव्या कोपऱ्यात, आपल्याला वीसपैकी किती गुण पडतील तो आकडा लिहायचा आणि त्यानंतरच उत्तरांना हात घालायचा. धाराशिवच्या आमच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र घेणाऱ्या कुणाचीही यातून सुटका नव्हती. पेपर तपासून आला की आपल्या आकड्याशेजारी सरांचा आकडा असायचा आणि दोन्ही जुळले तर खाली 'बरोबर' असं लिहिलेलं असायचं. त्याला जादा गुण नव्हते, तरी पोरं आधी तोच शब्द शोधायची.

सर बुटके, अंगात कायम अर्ध्या बाह्यांचा शर्ट. खडू सुपारीच्या पत्र्याच्या डबीत ठेवायचे. वीस लिहून चार मिळवणाऱ्याला ते काही बोलत नसत, नुसते हसायचे. चिडायचे कमी लिहिणाऱ्यांवर. वर्गातल्या एका हुशार मुलानं दहा लिहून अठरा मिळवले, तेव्हा त्याला उभं केलं. "लाजतो व्हय? चूक वरच्या अंगाला असू दे न्हायतर खालच्या, चूकच ती. तारेची जाडी मोजताना लाजून कमी लिहितो का तू?" तो मुलगा आज बँकेत आहे आणि अजून लाजतो.

प्रयोगशाळेतही हेच. आकडा लिहिला की पुढं त्यात चूक किती असू शकेल ते लिहायचं. कुणी विसरलं की सर वही परत सरकवायचे. "ज्याच्यापुढं चूक लिहिली न्हाय ते मोजमाप न्हाय, गप्पा हायत."

इतर विषयांच्या चाचणीचे गुण आमच्याकडे प्रसादासारखे वाटले जायचे. सरांकडे तो प्रकार नव्हता आणि माझं नेमकं तिथंच अडलं. मी ढोकीची. वडील कारखान्याला ऊस नेणारा ट्रॅक्टर चालवायचे. कॉलेजात घालतानाच त्यांनी सांगितलं होतं, "पहिल्या परीक्षेत एका जरी विषयात नापास झालीस तर कॉलेज बंद. मग आमी स्थळं बघणार." ते बोलले म्हणजे तसं करणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

पास व्हायला आठ लागायचे. पहिल्याच चाचणीत मी प्रश्न वाचले आणि कोपऱ्यात सहा लिहिले. त्यात धाडस वगैरे काही नव्हतं, मला तेवढंच येत होतं. सरांनीही सहाच दिले आणि खाली 'बरोबर' लिहिलं. मी स्टाफरूममध्ये जाऊन म्हणाले, "सर, दोन गुण द्या. घरी बसवतील मला."

त्यांनी पेपर पुन्हा पाहिला. "सहाचे आठ केले तर तुझं बरोबर आलेलं चुकंल की." मग विचारलं, "गाव कुठलं तुझं?"

रविवारी सर एस.टी.नं ढोकीला आले. वडील अंगणात ट्रॅक्टर धूत होते. सर उभ्यानंच म्हणाले, "तुमची पोरगी माझ्या विषयात नापास झालीय."

"ह्येच सांगायला इतक्या लांब आलात व्हय सर?"

"न्हाय. किती गुण पडणार ते तिनं पेपर लिहायच्या आधी नेमकं सांगितलं, ते सांगायला आलोय. पास झालेल्यांनाबी ते जमत न्हाय. जिला आपल्याला काय येत न्हाय ते कळतं, तिला शिकवायला लई सोपं जातं. तिला घरी बसवू नका."

वडिलांनी पाण्याचा पाइप बाजूला टाकला. "म्हंजी नापास झाली ते चांगलं झालं म्हणायचं?"

"चांगलं न्हाय. नेमकं झालं."

वडिलांना यातलं काहीही पटलं नसावं. पण त्यांनी आईला चहा ठेवायला सांगितलं आणि त्यानंतर आमच्या घरात कॉलेज बंद करण्याचा विषय निघाला नाही. आज त्याच कॉलेजात, तोच विषय मी तासिका तत्त्वावर शिकवते. कोपऱ्यातला आकडा मीही लिहून घेते.

निवृत्तीनंतर सर तेरला, आपल्या गावी राहायला गेले. गेल्या वर्षी ते आजारी असल्याचं कळलं म्हणून मी भेटायला गेले. सर खाटेवर पडून होते. खडूच्या डबीत आता गोळ्या होत्या. म्हणाले, "डॉक्टर काय धड बोलत न्हाईत. तू सांग, अजून किती दिवस काढीन मी? कोपऱ्यात लिही."

"काहीतरीच काय सर? दिवाळीला तुम्ही आमच्या घरी जेवायला येणार."

त्यांनी खरंच विचार केला. "जास्त लिहिलंस," म्हणाले.

गणपतीनंतर सर गेले. मी तेरला जाऊन आले. येताना बसमध्ये मला वाटत होतं, आता रडू येईल, निदान ढोकी आल्यावर तरी येईल. ढोकी येऊन गेली. कंडक्टरनं सुट्टे मागितले, ते दिले. सर गेल्यावर मला किती वाईट वाटेल याचा मी आधी अंदाज केला होता. तोही जास्तच लिहिला होता. आत काही हललंच नाही. फक्त हात जड झाले होते, आणि ते अजून तसेच आहेत.

दुसऱ्या दिवशी चाचणीचे पेपर तपासले. एका मुलीनं कोपऱ्यात पाच लिहिले होते आणि तिला पाचच पडले. मी खाली 'बरोबर' लिहिलं. पेपर वाटल्यावर ती टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, पाच म्हंजी नापासच ना?"

"हो."

ती जागची हलली नाही. हातातल्या पेपराची घडी घालत राहिली.

"गाव कुठलं तुझं?" मी विचारलं.

"तामलवाडी."

रविवारी तिकडं जायला एस.टी. किती वाजता असते, ते मी तिला विचारलं.