दम कोंडलाय हिचा

चालू ट्रकच्या हवेच्या नळीवर तो तळहात धरायचा, डोळे मिटायचा आणि सावकाश मान हलवायचा. मालक शेजारी उभा, पेशंटच्या नातेवाइकासारखा. मग निकाल यायचा.

"दम कोंडलाय हिचा."

पडेगावच्या रस्त्यावर माझ्या दुकानात बसून हा निकाल मी वर्षानुवर्षं ऐकला. त्यात कधी फरक पडला नाही. गाडी नवी असो की जुनी, दहा चाकी असो की टेम्पो, एकाही गाडीचा दम कधी मोकळा निघाला नाही. तुम्हीही असे लोक पाहिले असतील, ज्यांच्याकडे एकच औषध असतं आणि म्हणून ज्यांच्या जगात आजारही एकच असतो. त्यातला एक नमुना आमच्या समोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसलेला होता. ड्रायव्हर लोक त्याला उस्ताद म्हणत. मी म्हणत नव्हतो.

आधीच सांगून टाकतो, माझं दुकान गाड्यांच्या फिल्टरचं आहे. आणि त्याचा धंदा एअर फिल्टर काढून टाकण्याचा. त्यामुळे मी त्याच्याबद्दल तोंड उघडलं की लोक गालातल्या गालात हसायचे. मी इतकी वर्षं खरं बोललो आणि ते सगळं त्या हसण्यात वाया गेलं.

त्याची कामाची पद्धत अशी. केबिनच्या मागून वर जाणारी हवेची नळी कापायची आणि तिथं पत्र्याचा मोठा भोंगा पुढं तोंड करून बसवायचा, म्हणजे गाडी पळाली की वारा आपोआप आत घुसेल. इथपर्यंत मी गप्प बसलो असतो. पण मग तो खालचा डबा उघडायचा, धुळीनं काळा पडलेला कागदी फिल्टर बाहेर ओढायचा आणि मालकाच्या नाकासमोर धरायचा.

"बघा शेठ, काय घाण हाय! ह्या घाणीतून दम घेती ती. तुमी घ्याल का?"

मालक शहारायचा आणि फिल्टर कायमचा बाहेर राहायचा. ती धूळ तिथं अडली म्हणूनच इंजिनात गेली नाही, हे इतक्या मालकांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. एकदा न राहवून मी चार गिऱ्हाइकांसमोर त्याला विचारलं, "अरे, तू जाळी काढलीस. आता ही धूळ जाणार कुठं?"

"जळती की आत! इंजिनात आग असती शेठ, आग. दगड टाका, राख होती त्याची."

दगडाची राख! हे तो भर रस्त्यावर बोलला आणि चारपैकी तिघांनी माना डोलावल्या. चौथ्यानं नळीला हात लावून बघितला.

काढलेला फिल्टर तो शेडच्या भिंतीवर खिळ्याला टांगायचा आणि त्याखाली खडूनं गाडीचा नंबर लिहायचा. हळूहळू ती भिंत भरून गेली. नवं गिऱ्हाईक आलं की आधी त्या भिंतीसमोर उभं केलं जायचं.

फिल्टर निघाला की इंजिनात हवा दाबणाऱ्या टर्बोची शिट्टी मोठ्यानं ऐकू येते. येणारच, मधला कागदच गेला. पण ड्रायव्हरला ती शिट्टी म्हणजे ताकद वाटायची. भोंग्याला हळदकुंकू लागायचं, नारळ फुटायचा, लिंबू-मिरची लटकायची. मग अ‍ॅव्हरेजची चाचणी. गाडी रिकामी, स्टेअरिंगवर तो स्वतः, दौलताबादपर्यंत जाऊन परत, तेही वरातीतल्या घोड्याच्या चालीनं. अशी हाकली तर कुठलीही गाडी कमी डिझेल पिते. परत येऊन तो चावी मालकाच्या हातात द्यायचा, भुवया उंचावायचा आणि विचारायचा, "वाढलं का नाय?"

"वाढलं, उस्ताद," मालक म्हणायचा. नाही म्हणणारा मी एकही पाहिला नाही.

आणि मोकळ्या हवेचा हा भक्त स्वतः दिवसभर नाकाला ओला रुमाल बांधून बसायचा. त्याला दमा होता, रस्त्यावरचा फुफाटा सोसत नव्हता. मी म्हटलं, "तुझ्या नाकाला जाळी आणि गाडीच्या नाकाला नाही?"

"माणूस नाजूक असतोय शेठ," रुमालाआडून आवाज आला. "इंजिन लोखंडाचं हाय."

उत्तर त्याच्याकडे कायम तयार असायचं. विचार करायची पाळी त्यानं स्वतःवर कधी येऊ दिली नाही.

हे सगळं मी करमणूक म्हणून सोडून दिलं असतं, पण मध्ये भगवान आला. भगवान माझा भाचा. शेंद्र्याला कंपनीत कंत्राटी कामगार होता. रोज गेटवर उभं राहून आज घेतात का परत पाठवतात, याची वाट बघायचा कंटाळा आला म्हणून त्यानं जुना ट्रक घेतला. माझ्या बहिणीनं त्यासाठी पाटल्या मोडल्या. गंगापूरकडचा ऊस कारखान्यावर न्यायचं काम मिळालं. ट्रक चालला तर घर चालेल, नाहीतर पुन्हा शेंद्र्याचं गेट, इतकी साधी गोष्ट होती.

एका दुपारी समोर बघतो तर भगवानचा ट्रक शेडपुढं उभा आणि नळीवर तो तळहात. मी अनवाणी रस्ता ओलांडला.

"भगवान, फिल्टर काढू नको. उसाच्या फडात घोट्याएवढा फुफाटा असतो. इंजिन माती खाईल."

भगवाननं माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "मामा, तुमचं दुकानच फिल्टरचं हाय. तुमी दुसरं काय बोलणार?"

उस्ताद रुमालाआड हसला. मीच भाच्याला प्रेमानं बसवून दिलेला फिल्टर माझ्या डोळ्यांदेखत खिळ्यावर गेला. मला तेव्हा त्याचा गळा धरावासा वाटला होता, आजही वाटतो.

सुरुवातीला भगवान खुशीत होता. माझ्या दुकानासमोरून जाताना मुद्दाम अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा, मामाला शिट्टी ऐकू जावी म्हणून. मग गाडी ऑइल खाऊ लागली. निळा धूर सुरू झाला. भरल्या उसानिशी चढाला मान टाकायला लागली. हंगाम संपायच्या आत मिस्त्रीनं इंजिन उघडलं, तर पिस्टन घासून गेलेले, सिलिंडरच्या लायनरवर ओरखडे, आणि आत तेलात कालवलेली गंगापूरची काळी माती. जिची राख व्हायची होती तीच.

भगवान एक पिस्टन पिशवीत घालून शेडमध्ये गेला. मी मागोमाग गेलो. उस्तादानं पिस्टनवर बोट फिरवलं आणि डोळे मिटले.

"ऑइल भेसळीचं भरलं तू."

"उस्ताद, ही माती हाय."

"मग भोंगा लहान पडला. मोठा बसवून देतो, एक पैसा नाय घेणार."

मग मात्र माझा तोल सुटला. लबाड, लुटारू, पोरांच्या अन्नात माती कालवणारा, तोंडाला येईल ते मी बोललो. तो रागावला नाही. माझा हात धरून मला शेडच्या मागं घेऊन गेला. तिथं त्याची स्वतःची पिकअप उभी होती. टपावर हा एवढा भोंगा, फिल्टरचा डबा रिकामा, आणि इंजिन खोलून खाली काढलेलं. त्याचे पिस्टन भगवानच्या पिस्टनसारखेच दिसत होते.

"हिचंबी ऑइल भेसळीचं निघालं शेठ," तो कळवळून म्हणाला. "कुणावर भरवसा ठेवायचा?"

इतकी वर्षं मी त्याला लबाड समजत होतो. लबाड असता तर बरं झालं असतं, लबाडाला निदान खरं काय ते माहीत असतं. याला काहीच माहीत नव्हतं. स्वतःचं घर बुडवूनसुद्धा काही कळलं नव्हतं.

इंजिनचं काम काढणं भगवानला झेपणारं नव्हतं. ट्रक भंगारात गेला आणि भगवान पुन्हा शेंद्र्याच्या गेटवर. बहिणीच्या रिकाम्या मनगटांकडं बघायचं मी टाळू लागलो.

पुढच्या हिवाळ्यात उस्तादाचा दमा वाढला आणि त्याला दवाखान्यात भरती केलं. भगवान म्हणाला, "मामा, बघून येऊ." मी म्हटलं, मी येणार नाही. गेलो मात्र.

नाकावर रुमालाऐवजी ऑक्सिजनचा मास्क होता. आम्ही पोचलो तेव्हा तो मास्क ओढून काढत होता. नळीपुढं त्यानं तळहात धरला, डोळे मिटले, मान हलवली. "बारीक हाय नळी," म्हणाला. "दम कोंडतोय."

नर्स वैतागली होती. भगवान पुढं झाला, त्यानं मास्क पुन्हा त्याच्या नाकावर बसवला आणि हातानं धरून ठेवला. "ऱ्हाऊ द्या उस्ताद. लागतंय ते."

उस्तादानं डोळे उघडले. ओळखलं. मास्कच्या आतून घोगरा आवाज आला, "भगवान… गाडी अ‍ॅव्हरेज किती देती?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. इतक्या वर्षांचं साठलेलं, एका वाक्यात मावेल असं. मी तोंड उघडणार तोच भगवाननं माझ्या पायावर पाय दाबला.

"लई देती, उस्ताद. दम मोकळा झाला तिचा."

उस्तादानं माझ्याकडं पाहिलं आणि भुवया उंचावल्या, मालकाच्या हातात चावी देताना उंचावायचा तशाच. मी मान वळवली. दोन दिवसांनी तो गेला, आणि जाताना जिंकून गेला. भगवानला मी त्याबद्दल अजून माफ केलेलं नाही.

शेड आता बंद आहे. फटीतून बघितलं तर भिंतीवरचे फिल्टर तसेच लटकलेले दिसतात, आणि भगवानच्या गाडीचा नंबर अजून वाचता येतो. रोज सकाळी दुकान उघडताना मी तिकडं बघून मोठ्यानं म्हणतो, "मूर्ख होतास तू." समोरून काही आवाज येत नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्याकडे उत्तर नाही, आणि ते मला अजिबात आवडत नाही.