कर्ज कोणत्या बाजूला

दुष्काळाच्या त्या वर्षी मी अर्थशास्त्रात एम.ए. झालो होतो, घराण्यातला पहिला पदवीधर, आणि काष्टीजवळच्या आमच्या गावाशेजारी खडी फोडण्याच्या सरकारी कामावर हजेरी लिहीत होतो. तेवढ्यात बेलापूरकडच्या एका नव्या कॉलेजचं पत्र आलं. मुलाखतीला वर्गावर एक तास घेऊन दाखवायचा, विषय 'तुटीचा अर्थसंकल्प'. ही नोकरी हुकली तर पुन्हा खडीच. एसटीत व्याख्या घोकत होतो, पण एका जागी बसवत नव्हतं.

मागच्या बाकावर प्राचार्य आणि विभागप्रमुख बसले. मी फळ्यावर एका बाजूला सरकारचा सगळा खर्च लिहिला, दुसऱ्या बाजूला सगळी जमा. जमेत कर, आणि लोकांकडून घेतलेलं कर्जही. एवढ्यानं न भागलेला जो खर्च मध्यवर्ती बँकेच्या पैशातून करावा लागतो, ती तूट.

खिडकीजवळचा एक उंच मुलगा उठला. "सर, म्हंजी समदा खर्च कर्जानं केला, तर तूट न्हाईच म्हनायची?"

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. हीच शंका बी.ए.पासून मला टोचत होती. मार्क जातील या भीतीनं कधी विचारली नव्हती. पुस्तकातलं उत्तर दिलं, की कर्जाचा पैसा लोकांच्याच खिशातला असतो, बँकेचा मात्र नव्यानं येतो आणि भाव चढवतो. मुलगा खाली बसेना.

मग मी घरचं सांगितलं. आई शेजारून उसनी आणलेली बाजरी कणगीत ओतत नाही, वेगळ्या डब्यात ठेवते. मिसळली तर आपल्या रानानं किती महिने पोसलं ते कळायचं नाही, असं तिचं म्हणणं. फळ्यावर मी जमेतून कर्ज वगळून दुसरी तूट मांडली. ती पहिलीपेक्षा कितीतरी मोठी निघाली. मुलगा बसला.

ऑफिसात प्राचार्यांनी चहा दिला. "पोरं परीक्षेत हे लिहून येतील आणि नापास होतील. मग?"

"परीक्षेत पहिलीच लिहा, असं सांगेन सर. पण दुसरी पुसणार नाही." बोलून गेलो.

प्राचार्यांनी शेजारी बसलेल्या विभागप्रमुखांकडे पाहिलं. एक वर्षापुरतं घेतो, निकाल पाहून पुढचं ठरवू, असं प्राचार्य म्हणाले. त्यांचे ते उपकार मी आजही मानतो. त्या वर्षी पेपरात नेमकी तुटीची व्याख्याच विचारली, आणि पोरांनी कुठली तूट लिहिली असेल या धास्तीनं निकाल लागेपर्यंत मला घास गोड लागला नाही.